नुसत्या काचेचा आकडा

ऑफिसात तिला सगळे खिडकीबाई म्हणायचे. मागून नव्हे, चांगलं तोंडावर. "खिडकीबाई, चहा घेणार का," असं. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट एखाद्या दिवशी कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तीच दचकायची, की आता काय बिघडलं.

काम म्हणाल तर खिडक्यांचंच. पण खिडक्या बनवायच्या नाहीत, बसवायच्या नाहीत, पुसायच्याही नाहीत. हल्ली मोठी इमारत बांधायच्या आधी ती एकदा संगणकात बांधून बघतात. भिंती, छप्पर, दिवे, आत राहणारी माणसं, सगळं भरतात आणि मग संगणकाला विचारतात की हिला थंडीत उबदार ठेवायला हीटर केवढे लागतील. संगणक सांगतो. पण त्याला आधी सांगावं लागतं की भिंतीतून किती ऊब बाहेर पळते, छपरातून किती, आणि सगळ्यात चोर जागा म्हणजे खिडकी, तिच्यातून किती. खिडकीचा हा आकडा काढायचं काम हिचं. आकडा जेवढा लहान, तेवढी खिडकी चांगली. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे आहे, बाकीचं मी तुमच्या माथी मारत नाही.

ऐकायला हा पोरखेळ वाटतो. तिच्या सासरच्यांना तर शेवटपर्यंत वाटायचं की ही दिवसभर खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघते आणि त्याचा पगार घेते. पण खिडकी म्हणजे काही नुसती काच नाही. मधे दुहेरी काच, दोन काचांच्या कडा जोडणारी पट्टी, भोवती चौकट. काचेतून ऊब हळूहळू जाते, पट्टीतून जरा जोरात, आणि चौकट सरसकट धातूची असली तर विचारूच नका. म्हणून तिघांचं माप घ्यायचं, कुणी किती जागा अडवलीय ते बघायचं आणि अख्ख्या खिडकीचा एक आकडा काढायचा. कंपन्या काय करतात, काचेच्या मधोमधचा आकडा तेवढा मोठ्या अक्षरात छापतात, कारण तो सगळ्यात गोंडस दिसतो. फोटो काढताना माणूस पोट आत घेतो ना, तसं. अख्ख्या खिडकीचं काय ते खाली बारीक अक्षरात, तेही असलं तर. खिडकीबाईला ही मखलाशी पाठ होती. ऑफिसात नवीन लागलेल्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी बजावायची की मोठं अक्षर म्हणजे जाहिरात, बारीक अक्षर म्हणजे खिडकी.

घरी ती, नवरा आणि तिचे वडील. नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला, त्यामुळे दिवसा झोपलेला. घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लिफ्ट नाही. वडिलांनी उभा जन्म लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. दगड कापायच्या यंत्राची धूळ उडते, तोंडाला फडकं बांधा असं मालक सांगायचे, पण हा बाबा म्हणायचा की फडकं बांधलं की शिट्टी वाजवता येत नाही. शिट्टी वाजवत तीस-चाळीस वर्षं धूळ गिळली. म्हातारपणी ती सगळी छातीत जाऊन बसली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ही फुप्फुसं आता औषधाने सुधारायची नाहीत. फक्त गारठा, ओल आणि बुरशी यांपासून लांब ठेवा. ठेवलंत तर आणखी काही वर्षं निघतील, नाही ठेवलंत तर एखाद्या थंडीत गाडी घसरेल.

आणि राहतात कुठे, तर चौथ्या मजल्यावर. खाली उतरले की वर येताना प्रत्येक वळणावर बसायचे. मग उतरणंच बंद झालं. माणूस दिवसभर दोन खोल्यांत फरशीकडे बघत बसायचा आणि सांगायचा की ही कुणी बसवलीय, हात तोडले पाहिजेत त्याचे.

अशात सरकारी वृद्धनिवास बांधून तयार झालं. बुटकी, दुमजली, नवीकोरी इमारत. तिच्या खिडक्यांचे आकडे काढले होते आपल्या खिडकीबाईने. खरं सांगायचं तर तिथे जागा मिळायला माणसाच्या नाकी नऊ येतात, पण वडिलांच्या छातीचे कागद बघून नंबर लागला. वडिलांना जायचं नव्हतं. त्यांनी दोन दिवस अबोला धरला, जेवताना ताट भिंतीकडे करून बसले. तिने तरी ते त्यांच्या गळी उतरवलं. कसं, तर एकच सांगून, की बाबा, ही इमारत मला आतून-बाहेरून माहीत आहे. हिच्यात तुम्हाला गारठा लागणार नाही, हे मी मोजून बघितलंय. मुलीने मोजून बघितलंय म्हटल्यावर बाप काय बोलणार? उठले आणि पिशवी भरायला लागले.

तळमजल्यावरच खोली मिळाली. तिच्यात दोन पलंग होते. एक आत, दाराजवळ, हीटरच्या शेजारी. दुसरा खिडकीखाली. तिने मॅनेजरबाईंच्या मागे लागून खिडकीखालचा मागून घेतला. उजेड येईल, समोर लाकडाची वखार आहे, गाड्या येतील-जातील, म्हाताऱ्याचा वेळ जाईल. मॅनेजरबाई म्हणाल्या की सगळ्यांनाच खिडकी हवी असते. ही म्हणाली, त्या सगळ्यांच्या मुलींनी खिडकी मोजलेली नाही. बाई हसल्या आणि दिला.

वडील तिथे इतके रुळले की हिलाच थोडं टोचलं. आतल्या पलंगावर एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांच्याशी गट्टी जमली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वडील एकच गोष्ट सांगायचे, की ही खिडकी माझ्या पोरीची. नर्सला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, जेवण वाढणाऱ्या मावशींना तर इतक्यांदा सांगितलं की त्या म्हणायला लागल्या, आजोबा, खिडकी नीट बघून घेतली, आता भात घ्या. कुणी विचारलं की पोरीची म्हणजे काय, काच तिने ओतली का, की मग त्यांना नीट सांगता यायचं नाही. "आकडा तिचा आहे," असं म्हणून ते मान ताठ करायचे.

आली थंडी. त्या वर्षीची थंडी काही जगावेगळी नव्हती, दरवर्षीसारखीच होती. वडील खोकायला लागले. थंडीत ते खोकायचेच, म्हणून तिने आधी मनावर घेतलं नाही. मग खोकला रात्री थांबेना, ओठ निळसर दिसायला लागले, नर्सने औषध वाढवलं. रविवारी ती जायची तेव्हा हे दोन स्वेटर घालून बसलेले. गारठा लागतो का म्हणून विचारलं तर म्हणायचे, छे, उकडतंय उलट. दोन स्वेटर घालून उकडतंय म्हणणाऱ्या माणसाचा संशय यायला हवा होता. पण आपल्याच कामाचा संशय घ्यायला माणूस सगळ्यात शेवटी तयार होतो.

एकदा मधल्याच वारी ती कामासाठी त्या बाजूला गेली होती. एका शाळेच्या भिंती तपासायच्या होत्या. काम लवकर आटपलं, म्हणून सकाळीच वडिलांकडे डोकावली. वडील झोपले होते. आणि खिडकी रडत होती. दुसरा शब्द नाही. चौकटीच्या चारही बाजूंनी पाण्याचे ओघळ, खालच्या पट्टीवर डबकं, तिथून थेंब थेंब वडिलांच्या गादीच्या कडेवर. कोपऱ्यात बोटाएवढी काळी बुरशी. तिने चौकटीला हात लावला आणि उचलला, इतकी ती गार होती. पिशवीत तापमान मोजायचं यंत्र होतंच, कपाळाचा ताप बघतात तसलं. काचेच्या मधोमध धरलं तर ठीक. चौकटीवर धरलं तर आकडा असा काही खाली गेला की तिने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. यंत्र बरोबर होतं.

ही चौकट लाकडाची नव्हती. तिने आकडा काढला होता लाकडी चौकटीच्या खिडकीचा. अख्ख्या खिडकीचा, नियमाप्रमाणे, काच-पट्टी-चौकट तिन्ही धरून. इथे रंग दिलेलं ॲल्युमिनियम होतं, आतून बाहेरपर्यंत एकसंध. रंग लाकडासारखा, म्हणून इतक्या रविवारांत तिच्या डोळ्यांना कळलं नाही. आता तुम्ही म्हणाल, खिडकीबाई म्हणवते आणि चौकट ओळखता येत नाही? बरोबर आहे. तिनेही स्वतःला तेच विचारलं. पण रविवारी ती खिडकी बघायला येत नव्हती, बापाला बघायला येत होती.

ऑफिसात जाऊन तिने जुनं सगळं उकरलं. बांधकाम चालू असताना ठेकेदाराने विचारलं होतं की लाकडी खिडक्या यायला उशीर होतोय, त्याऐवजी या चालतील का. चालतील, असं उत्तर गेलं होतं, आणि ते हिनेच दिलं होतं. तेव्हा ती हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभी होती. वडिलांच्या छातीचा फोटो काढायला आत नेलं होतं. साहेबांचा फोन आला की ठेकेदार डोक्यावर बसलाय, एकदा बघून हो की नाही सांग. तिने मोबाइलच्या वीतभर पडद्यावर कंपनीचा कागद उघडला. मोठ्या अक्षरात एक पूर्णांक एक. आपल्या लाकडी खिडकीचा एक पूर्णांक चार. म्हणजे ही तर आणखी चांगली. बारीक अक्षर त्या पडद्यावर मुंगीएवढं होतं. तेवढ्यात आतून वडिलांची हाक आली. तिने हो लिहिलं, आत गेली आणि त्या गडबडीत ते विसरूनही गेली.

अख्ख्या खिडकीचा आकडा एक पूर्णांक चार, आणि नुसत्या काचेचा एक पूर्णांक एक. दोन आकडे शेजारी ठेवले आणि लहान तो चांगला म्हणून उचलला. जी चूक करू नका म्हणून ती दुसऱ्यांना पहिल्या दिवशी सांगायची, तीच. ॲल्युमिनियमची चौकट धरून तिने आता नव्याने हिशेब केला. आकडा दुपटीहून मोठा आला.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण तिच्या होकारावरून ऑफिसात तो चुकीचा आकडा संगणकात भरला गेला होता, आणि संगणक बिचारा खूश झाला होता. खिडक्या इतक्या चांगल्या आहेत म्हटल्यावर त्याने हीटर लहान करून दिले. शिवाय ज्या खिडकीतून गारवा येतच नाही तिच्याखाली हीटर कशाला? तो तिथून काढून दाराजवळ लावला, म्हणजे खिडकीखाली मोकळी जागा मिळेल. त्या मोकळ्या जागेत पलंग बसला. तो तिने हात जोडून मागून घेतला आणि त्यावर बापाला झोपवलं.

ती साहेबांकडे गेली. साहेब काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने दार लावून घेतलं, तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की चूक कुणाची ते सोड, इमारत पास झालीय, दाराशी पाटी लागलीय, आत माणसं राहतायत. आता त्या खिडक्या कोण काढणार? आपण तोंड उघडलं तर ऑफिस बुडेल, आणि तरीही खिडकी एकही बदलणार नाही. ती म्हणाली की ऑफिस बुडालं तर बुडू दे. मग त्याने पत्र लिहिलं, लिहिलं नाही असं नाही, पण ते असं लिहिलं की वाचणाऱ्याला ताकास तूर लागू नये. चूक हा शब्द त्यात कुठे नव्हता. तिने ते वाचलं आणि स्वतःचं वेगळं पत्र लिहिलं, साधं, की मी अमुक आकडा चुकीचा दिला, खोल्यांत गारठा आणि ओल आहे, आत छातीचे रोगी आहेत.

सरकारी उत्तर यायला बरेच दिवस लागले. उत्तर असं, की इमारतीच्या तपासणीत सर्व खिडक्या उत्तम ठरल्या आहेत. ज्या तपासणीत उत्तम ठरल्या ती तपासणी तिच्याच आकड्यावर झाली होती! म्हणजे तिला खोटं ठरवायला त्यांनी तिलाच साक्षीला उभं केलं. तरीही तक्रारीची दखल म्हणून त्यांनी प्रत्येक खिडकीला जाड पडदे लावून दिले. ती कपाळाला हात लावून बसली. पडदा लावला की खोलीतली ऊब खिडकीपर्यंत पोचत नाही, चौकट आणखी गार पडते आणि पडद्यामागे दुप्पट पाणी धरतं. हे तिने मॅनेजरबाईंना समजावलं. बाई म्हणाल्या की वरून आलेत, काढता येणार नाहीत.

वडिलांना घरी न्यायचं तर चार मजले. नवऱ्याने सांगितलं की मी पाठीवर घेऊन चढवतो, पिठाची पोती चढवतोच की. बोलला तसा करणारा माणूस होता तो. पण डॉक्टरांनी कानावर हात ठेवले. त्या अवस्थेत जिन्यावरच काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. खालच्या मजल्यावरचं दुसरं घर शोधलं. म्हातारा खोकतो म्हटल्यावर घरमालकांचे चेहरे बदलायचे. एक तर दारातच म्हणाला की जागा कालच गेली, आणि पाटी तशीच लटकत होती.

मग एक वाट निघाली. शेजारचे पोस्टमास्तर मुलाकडे गेले, कायमचे. आतला, हीटरजवळचा पलंग रिकामा झाला. खिडकीबाईने मॅनेजरबाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले, आणि बाई चटकन हो म्हणाल्या. उद्या नवीन माणूस येणार, त्याच्या आत वडिलांना आत हलवा, म्हणाल्या. काही कागद नको, परवानगी नको, फक्त आजोबांनी हो म्हणायला हवं. तिचा जीव भांड्यात पडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी सरळ होत होतं.

ती वडिलांच्या खोलीकडे वळली तर जेवणाच्या मावशी वाटेत उभ्या. त्यांनी तिला बाजूला घेतलं. म्हणाल्या की ताई, आजोबांना रागावू नका, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. रविवारी पहाटे ते उठतात. धाप लागते तरी पलंगावर गुडघ्यांवर उभे राहतात आणि टॉवेलने अख्खी चौकट पुसून घेतात. कोपऱ्यातली काळी घाण नखाने खरवडतात. मला म्हणतात, पोर येतेय, तिला दिसता कामा नये. मी पुसते म्हटलं तर माझ्याही हाती देत नाहीत. मावशींनी हे सांगितलं आणि डोळ्यांना पदर लावला. खिडकीबाईला रडूसुद्धा येईना. इतके रविवार ती कोरडी खिडकी बघून समाधानाने घरी जात होती.

वडील पडद्यावर रेलून बसले होते. तिने पलंगाच्या कडेला बसून एका दमात सगळं सांगितलं. मोबाइल, व्हरांडा, मोठं अक्षर, बारीक अक्षर, सगळं. मग म्हणाली की बाबा, आत चला, तो पलंग आजच्या आज मिळतोय.

वडिलांनी आधी श्वास गोळा केला.

"मला पहिल्या गारठ्यातच कळलं," ते म्हणाले. "धातू आहे हा. टिचकी मारली की कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून? तू काय, एवढ्या खिडक्या हातांनी उपटणार होतीस?"

ती म्हणाली की ते जाऊ दे, आता आत चला. त्यांनी मान हलवली. नाही. तिला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही.

"मी हललो की इथे दुसरा कुणी येईल," ते म्हणाले. "दोन दिवसांत विचारेल, ही खिडकी कुणी बसवली. मग सगळे तुझं नाव सांगतील. मीच सांगून ठेवलंय सगळ्यांना, गाढवासारखं."

"सांगू दे. खरंच माझी चूक आहे, बाबा."

"असेल. पण माझी छाती आधीच गेलेली आहे. चांगल्या छातीचा कुणी इथे झोपला आणि आजारी पडला, तर ते तुझ्याच्याने सहन होणार नाही. तुला मी ओळखतो."

तिने खूप विनवलं. रागावली. तुम्ही मला जिवंतपणी मारताय असं काहीबाही बोलली, जे बोलू नये ते. वडिलांनी ऐकून घेतलं, पण पलंगाची कड हातात धरून ठेवली. मॅनेजरबाई येऊन समजावून गेल्या, नर्स समजावून गेली. म्हाताऱ्याचा एकच हेका. दुसऱ्या दिवशी नवीन माणूस आला, आतल्या पलंगावर, हीटरशेजारी. वडिलांनी त्याला पहिलं वाक्य सांगितलं ते हे, की तुमची जागा चांगली आहे, ती सोडू नका.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी जायची. कोरडे टॉवेल न्यायची, गादी ओढून घ्यायची, पडदा पिनांनी वर अडकवायची. सकाळी पुन्हा सगळं ओलं. वडील पुढे पुढे बोलेनासे झाले, कारण बोलायचं की श्वास घ्यायचा, दोहोंतलं एकच जमायचं. थंडी ओसरायच्या आधी ते गेले. नर्सने फोन केला तेव्हा ती ऑफिसात एका शाळेच्या खिडक्यांचं बारीक अक्षर वाचत होती.

कपडे आणि चष्मा घ्यायला ती गेली तेव्हा आधी मॅनेजरबाईंच्या खोलीत थांबली. विनंती एकच, की तो पलंग रिकामा ठेवा. निदान उन्हाळ्यापर्यंत. बाई चांगल्या होत्या, त्यांनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या की तुमचं सगळं पटतं मला, पण बाहेर इतकी म्हातारी माणसं नंबर लावून बसलीत, मी पलंग रिकामा कशाच्या नावावर दाखवू? खिडकी तर कागदावर उत्तम आहे.

खोलीत गेली तर पलंगावर नवीन चादर घातलेली. एक म्हातारे गृहस्थ काठी धरून खुर्चीत बसलेले, त्यांची सून पिशवीतून सामान काढत होती. सुनेला मावशींनी सांगितलं असावं की या कोण. ती लगबगीने पुढे आली, फार वाईट झालं म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली की आमचं नशीब म्हणायचं, खिडकीजवळची जागा मिळाली, तीन ठिकाणी मागितली होती, कुठे देत नव्हते.

खिडकीबाईने सांगितलं. जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, की चौकट धातूची आहे, पाणी धरते, गारठा उतरतो, पलंग होईल तेवढा लांब ओढून ठेवा, पडदा लावू नका. सून मान हलवत ऐकत होती, बाप नुकताच गेलेल्या माणसाचं ऐकतात तसं. हो हो, नक्की, असं म्हणाली. म्हाताऱ्यांनी विचारलं की ताई काय म्हणतायत. सून म्हणाली की काही नाही, मामंजी, खिडकी जपून वापरा म्हणतायत.

खिडकीबाईने कपड्यांची पिशवी उचलली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागे पलंगाचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. सुनेने पलंग ढकलून खिडकीला अगदी टेकवला होता, सासऱ्यांना पडल्या पडल्या वखारीतल्या गाड्या दिसाव्यात म्हणून.